बावीस घरांचा पट्टा

"मग आता आमची कंबर पण जमा करून घ्या म्हणावं!" आप्पासो खुर्चीवरून उठला आणि त्यानं खरोखरच शर्ट वर करून कंबर दाखवली.

हॉल हसला. साताऱ्यातला माजी सैनिकांचा तो हॉल शंभर माणसांचा. आज दीडशे तरी कोंबली होती. पतसंस्थांच्या आणि पेट्रोल पंपांच्या दारात उभे राहणारे बंदूकवाले रखवालदार, रानडुकरांच्या त्रासानं बारा बोअर घेतलेले शेतकरी, आणि पुढच्या रांगेत, बरोबर पंख्याखाली, ज्यांना बंदूक कशाला लागते हे कुणी कधी विचारत नाही अशी माणसं. पंखा नेहमी त्यांच्याच डोक्यावर असतो.

"आप्पासो, खाली बस. पोट दिसतंय, कंबर कुठाय?" मागून कुणीतरी ओरडलं.

जयराजनं जिल्हा कचेरीच्या आदेशाचा कागद पुन्हा वर धरला. द्राक्षबागायतदार, तिशीतला गडी, आवाज खणखणीत. "ऐका गप. परत वाचतो. जवळ बाळगायची काडतुसं जास्तीत जास्त दहा. काडतुसं खोचायची दहाच्या वर घरं असलेला कमरेचा पट्टा, बंदुकीवर बसवायची दुर्बीण आणि बॅटरी, पंधरा दिवसांत जमा करायची, न्हाईतर अधिकाऱ्यासमोर निकामी करायची. न्हाई केली तर परवाना पुढं चालू हुणार न्हाई. संपलं."

"आन रं जयराज, डुक्कर काय दिवसा येतंय व्हय?"

"त्येच म्हणतोय मी. डुकराला नोटीस काढा. कचेरीच्या टायमात ये, साडेदहा ते पाच."

पुन्हा हशा. मग राजवर्धन उठला. पंख्याखालचा. त्याच्या घरात चार बंदुका होत्या आणि एका रायफलीवर परदेशी दुर्बीण. बोलायला उठला की तो आधी घड्याळ बांधलेला हात वर करायचा.

"मित्रांनो, प्रश्न दुर्बिणीचा नाही. प्रश्न मानाचा आहे. ज्यांनी बर्फात उभं राहून देश राखला, त्यांच्या कमरेचा पट्टा आज उतरवायला निघालेत. आपण हे सहन करणार का?"

टाळ्या पडल्या. राजवर्धन कधी बर्फात उभा राहिला नव्हता. महाबळेश्वरला स्वेटर घालणारा माणूस तो. पण सैनिकाच्या नावानं बोललं की साताऱ्यात टाळी पडतेच, आणि टाळी वाजवणारे हात सैनिकाचेच असतात.

तेवढ्यात बाजूच्या खुर्चीवरून एक बाई उठल्या. विजयमाला. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. नवरा वारल्यावर त्याची बंदूक त्यांच्या नावावर झाली होती. अख्ख्या हॉलमध्ये बाई माणूस त्या एकट्याच.

"मला बोलायचंय," त्या म्हणाल्या. "माझा धाकटा भाऊ त्याच्याच वरातीत गेला. घोड्यावर बसलेला. चुलत्याच्या कमरेला पंचवीस काडतुसांचा पट्टा हुता. चौदा बार आभाळात काढले. पंधराव्या बाराला घोडा बुजला, चुलता धडपडला." त्यांनी जयराजच्या हातातल्या कागदाकडं बोट केलं. "कमरेला दहाच असती, तर अकराव्याआधी बंदूक थांबली असती. एवढंच सांगायचंय. नियम बराबर हाय."

"एका येड्यानं केलं म्हणून समद्यांना शिक्षा व्हय, ताई?" आप्पासो म्हणाला, पण आता बसूनच.

"येडा न्हवता तो. चांगला शिकलेला हुता. दारावर पाटी लावता का तुमी, शाणी कोण आन येडी कोण?"

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. राजवर्धननं घड्याळाचा हात पुन्हा वर केला आणि निवेदनाचे कागद फिरवायला सांगितले.

मागच्या भिंतीला टेकून हरिबा गोरड उभा होता. साठीचा, काटक, मिशा पांढऱ्या, पाय जुळवून उभं राहायची सवय अजून न गेलेला. हातात कापडी पिशवी. बाई बोलत होत्या तेव्हा त्याची मान आपोआप हलत होती. खरं बोलत होती बाई. बावीस वर्षं फौजेत आणि अठरा वर्षं माधवनगरच्या एका पतसंस्थेच्या दारात त्यानं बंदूक सांभाळली होती. दारात उभ्या असलेल्या माणसाला पाच काडतुसं रग्गड होतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. अठरा वर्षांत त्यानं एकही बार काढला नव्हता.

तरीही निवेदन पुढ्यात आलं तेव्हा त्यानं सही केली. न वाचता सही करायची ही त्याची पहिलीच वेळ. कारण पिशवीत पट्टा होता.

*

"दावू नगंस, वास आला," बाहेर चहाच्या गाड्यावर आप्पासो म्हणाला. दोघं एकाच पलटणीतले. "आरं हरिबा, तुजी बंदूक अजून बें करती का रं?"

हा विनोद अठरा वर्षं जुना होता. हरिबा दर वेळी हसायचा. आज हसला नाही.

पट्टा काळ्या लोकरीचा होता. बाकीच्यांचे पट्टे चामड्याचे नाहीतर खाकी कापडाचे, दुकानातून घेतलेले. हरिबाचा पट्टा बयाबाईनं केलेला. तो पेन्शनीवर आला, वर्षभर घरी राहिला आणि मग बंदुकीचा परवाना हातात पडला. औंधच्या पलीकडच्या वाडीत दोघं बसली होती. माधवनगरची नोकरी ठरली होती. परत जायचं म्हणून बयाबाई ना रडली, ना भांडली. तिनं घरच्या मेंढ्यांची काळी लोकर काढली, चातीवर सूत कातलं आणि उंबऱ्यात बसून पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला. गोफण विणतात तसा तिनं पट्टा विणायला घेतला. पंधरा दिवस ती विणत होती. धनगराच्या घरात गोफण सगळ्यांनाच विणता येते, हरिबालाही यायची. पण तिच्यासारखी घट्ट वीण पंचक्रोशीत कुणाची नव्हती.

पट्टा कमरेला लावून त्यानं घरं मोजली. बावीस.

"आगं, पट्टा पंचवीसचा असतोय. तीन कमी पडली."

"कमी न्हाईत पडली," बयाबाई म्हणाली. "बराबर हायती. मोजा की."

"मोजली. बावीसच हायती."

"मग फौजंत किती वर्सं हुता तुमी?"

ती उठून चुलीकडं गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "जावा आता. पण ही बांधून जावा."

एवढंच. आयुष्यात तिनं केलेली तक्रार म्हणजे ही बावीस घरं. दुसरी बाई असती तर पत्रांत लिहिलं असतं, माहेरी जाऊन बसली असती. बयाबाईला लिहिता येत नव्हतं आणि माहेरी जायचं तर मेंढरं कुणी बघायची? एका घरात ती बाळंत झाली होती, तेव्हा तो जम्मूत होता. एका घरात सासू गेली. एकात दुष्काळ पडला आणि निम्मी मेंढरं तिनं एकटीनं कोकणात नेली, परत आणली. कुठलं घर कुठलं हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं कधी विचारलं नाही, आणि आता सांगायला ती नव्हती. तीन वर्षं झाली.

आप्पासोनं बशीत चहा ओतला. "त्यात काय एवढं? घरात पेटीत टाक. फॉर्मवर लिव, पट्टा न्हाई. मी तेच करणार हाय. कोण बघाया येतंय?"

"पावत्यांवर हाय."

"कसल्या पावत्या?"

"विलेक्शनच्या."

आप्पासोनं बशी खाली ठेवली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, निकालानंतर परत आणायच्या. सगळेच करतात. ठाणेदार पावती लिहितो: बंदूक एक, परवाना क्रमांक अमुक. पट्टा कुणी जमा करत नाही. पण हरिबाला पहिल्या निवडणुकीत तसं सांगणारं कुणी भेटलं नाही. त्यानं बंदुकीबरोबर पट्टाही काढून ठेवला, आणि टेबलावर ठेवल्याबरोबर त्याचा हात परत पट्ट्यावर गेला. हरवला तर? उंदरानं खाल्ला तर? मग त्यानं हट्टानं पावतीवर लिहून घेतलं: 'पट्टा एक, लोकरी, काळा, घरं बावीस.' हवालदार वैतागला. पुढच्या वेळी आधीची पावती दाखवून तसंच. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. दर पावतीवर बावीस घरं. तिच्या हातची वस्तू सरकारच्या कागदावर चढली, की ती आपल्याला परत मिळणारच, असा त्याचा हिशेब. फौजेत असाच असतो.

"आयला हरिबा," आप्पासो हळूच म्हणाला, "तूच दाखवून दिलास की रं."

*

माधवनगरला तो संध्याकाळच्या एसटीनं पोचला. पतसंस्था गिरणीच्या जुन्या चाळीसमोर होती. गिरणीचा भोंगा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण इथली म्हातारी माणसं अजून 'भोंग्याच्या टायमाला' म्हणतात. कॅशियर तवनाप्पा त्याची वाटच बघत थांबले होते. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून डबा उघडून बसलेले.

"काय वो हवालदार, काय झालं मीटिंगचं?"

"सही केली."

"सहीनं काय हुतंय?" तवनाप्पांनी भाकरी मोडली. "राजवर्धन सायबांचं कळलं का? आमचा पोरगा भरतेश, त्यानं सांगितलं. सकाळीच नेमबाजीच्या क्लबाचा मेंबर झाला म्हणं. क्लबाच्या मेंबरला दुर्बिणीची सूट हाय. आदेशाच्या खाली बारीक अक्षरात लिवलंय."

"सकाळी? म्हंजी मीटिंगच्या आधी?"

"आधी."

सूट कुणासाठी लिहिलेली असते हे कळायला क्लबात जावं लागत नाही. दीडशे माणसांनी मानासाठी टाळ्या वाजवल्या, आणि मान तर सकाळीच अर्ज भरून सुटला होता.

"मग कापून टाका की," तवनाप्पा म्हणाले. "दहा ठिवा, बारा काढा. काढलेली पण घरात ठिवा. कुणाची ना हाय?" त्यांनी खणातून कात्री काढून काउंटरवर ठेवली.

हरिबानं पिशवीतून पट्टा काढला आणि दिव्याखाली पसरला. मेंढराचा वास उठला. वीण उलटसुलट करून त्यानं कात्री लावायची जागा शोधली. दहाव्या घरापाशी, अकराव्यापाशी. मग थांबला.

"काय झालं?"

"गोफणीची वीण हाय, आण्णा. एका दोऱ्यात इणलीया. कुठंबी कापली तरी समदी उसवणार."

"गाठ मारा."

"गाठ बसत न्हाई हितं. आत घोळवून घेतलाय दोरा. टोकच सापडंना मला." तो बोटांनी चाचपत होता. "टोक कुठं दडवलंय ती तिलाच ठावं."

तवनाप्पांनी कात्री परत खणात ठेवली. भाकरी तशीच राहिली आणि बाहेर अंधार पडला. आता त्यांना जेवता येणार नव्हतं. डब्याचं झाकण लावत ते म्हणाले, "त्या दिवशी बंदूक मला द्यायला पायजे हुती तुमी."

तीन वर्षांत ही गोष्ट दोघांपैकी कुणीच काढली नव्हती.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता वाडीवरून फोन आला होता. चंद्राबाई, शेजारची. बयाबाईच्या छातीत कळ आलीय, बोलावतीया, लवकर या. हरिबा दारात उभा, हातात भरलेली बंदूक. बंदूक टाकून जाता येत नाही. तिजोरीच्या खोलीत ठेवायची तर तिला दोन किल्ल्या. एक तवनाप्पांकडं, दुसरी मॅनेजरकडं, आणि मॅनेजर मिरजेला लग्नात. फोन लागेना. तेव्हा तवनाप्पा काउंटरच्या बाहेर आले. वाटेत मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारा माणूस. जन्मात त्यांनी शस्त्राला हात लावला नव्हता. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "द्या माझ्याकडं. मी घिऊन बसतो. तुमी जावा."

हरिबानं दिली नाही. परवाना त्याच्या नावावर. दुसऱ्याच्या हातात बंदूक देणं गुन्हा. नियम होता. तो अडीच तास दारात उभा राहिला, पाय जुळवून, मॅनेजर येईपर्यंत. औंधला उतरला तेव्हा पाच वाजले होते. बयाबाई तासभर आधीच, चार वाजता गेली होती.

"नियम हुता," हरिबा म्हणाला.

"व्हय. नियम हुता," तवनाप्पा म्हणाले.

*

मुदत संपायच्या आदल्या दिवशी हरिबा जिल्हा कचेरीत गेला. बंदूक गवसणीत, काडतुसं डब्यात, पट्टा कमरेला, रिकामा. रांगेत चाळीसेक माणसं होती. बहुतेकांच्या फॉर्मवर सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिलेलं. जयराजच्या फॉर्मवरही 'नाही'. त्यानं हरिबाकडं बघून डोळा मारला. विजयमालाबाईंनी तेवढा आपल्या नवऱ्याचा चामडी पट्टा गुंडाळून आणला होता. टेबलावर ठेवला, सही केली आणि वळून न बघता गेल्या.

टेबलामागं प्रांजल नावाची मुलगी होती. नोकरीला नवी, अक्षर सुंदर. तिनं हरिबाचा फॉर्म वाचला आणि पेन थांबवलं.

"काका, इथं कंपनीचं नाव लिहायचं असतं. पट्टा कुठल्या कंपनीचा ते."

"लिवलंय की."

"बयाबाई हरिबा गोरड?"

"तिनंच केलाय. दुसरी कंपनी न्हाई."

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. प्रांजल हसली नाही. तिनं फाईल उघडली. आत जुन्या पावत्यांच्या नकला होत्या, एकीखाली एक. तिनं त्या उलटल्या. लोकरी, काळा, घरं बावीस. लोकरी, काळा, घरं बावीस.

"दर वेळी लिहून घेतलंत?"

"हरवंल म्हणून."

तिनं फाईल मिटली. "काका, नोंद आहे, त्यामुळं मला सोडता येत नाही. जमा केलात तर पुढं सगळं सामान नष्ट करतात. नाहीतर इथं माझ्यासमोर कापा. दहा घरं ठेवा." तिनं कात्री पुढं सरकवली, पण त्याच्या बाजूला नाही, मध्येच ठेवली.

"कापला तर उसवतोय."

"मग?"

हरिबानं कमरेचा पट्टा सोडला. टेबलावर ठेवला नाही. हातातच धरला.

"पोरी, एक इचारू? पट्टा कशात मोडतोय नियमात?"

"शस्त्रात. शस्त्राबरोबरचं सामान."

"आन शस्त्रच नसलं तर?"

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं आदेश काढला, पहिल्यापासून वाचला, बोट ठेवून बारीक अक्षरंही वाचली आणि उठून आत साहेबांना विचारायला गेली. रांगेतली माणसं कुरकुरू लागली. ती परत आली.

"परवानाच परत केलात तर आदेश लागू होत नाही. मग तो नुसता..." तिला शब्द सापडेना. "लोकरीचा पट्टा." मग घाईनं म्हणाली, "पण काका, तुमची नोकरी बंदुकीवर आहे ना? परत परवाना मिळत नाही लवकर. या वयात तर नाहीच."

"व्हय."

"घरी विचारून या. उद्यापर्यंत मुदत आहे."

"घरी इचारलंय," हरिबा म्हणाला.

त्यानं गवसणी उघडली. बंदूक बिजागरीत उघडून नळी रिकामी दाखवली, आत बोट घालून पुन्हा तपासली, मिटवली, दस्ता तिच्या बाजूला करून टेबलावर आडवी ठेवली. फौजेत शेवटच्या दिवशी शस्त्र परत केलं होतं तसंच. नळीवर त्याच्या बोटाचा ठसा उमटला होता. त्यानं बाहीनं पुसला. काडतुसांचा डबा, परवाना. शेजारचा कारकून आता हसत नव्हता. मागून जयराज पुढं आला. "आवं नाना, काय करताय? एका पट्ट्यापायी?" त्याच्याकडं बघायला हरिबाला वेळ नव्हता.

"लिवून द्या," तो प्रांजलला म्हणाला.

"काय?"

"पट्ट्याचं. परत दिला म्हणून."

तिनं लिहिलं. सुंदर अक्षरात. बंदूक एक, जमा. परवाना, जमा. पट्टा एक, लोकरी, काळा, घरं बावीस, मालकास परत.

हरिबानं कागद वाचला. पूर्ण वाचला. घडी घालून खिशात ठेवला, पाय जुळवले आणि निघाला.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या खांद्याला वजन नव्हतं. चालताना तो जरा उजवीकडं झुकत होता. खांद्याला अजून कळलं नव्हतं.

*

माधवनगरला पंधरा दिवसांत त्याच्या जागी दुसरा माणूस आला. तवनाप्पा स्टँडपर्यंत पोचवायला आले होते. एसटी निघताना त्यांनी खिडकीतून दोन्ही हात आत घातले आणि हरिबाचे हात धरले. काही मागायचं असावं तसे.

औंधला उतरलं की यमाईची टेकडी दिसते. तिथून वाडी चालत पाऊण तास. घर बंद होतं. लेक माया पुण्यात, सणाला येणारी. हरिबानं दार उघडलं, झाडून घेतलं आणि माळ्यावर चढला. कोपऱ्यात बयाबाईचं लोकरीचं गाठोडं होतं, कसर लागलेलं. वरची लोकर भुगा झाली होती, आतली चांगली होती. गाठोड्याखाली तिची चाती सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उंबऱ्यात बसला. चाती मांडीवर फिरवून पाहिली. लहानपणी यायचं, आता सूत कुठं जाड, कुठं केसासारखं. दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा हातभर निघालं. त्यानं पट्टा पायाच्या अंगठ्याला अडकवला आणि शेवटच्या घरापाशी वीण चाचपत बसला. ऊन अंगणात आलं तेव्हा त्याला ते सापडलं. दोऱ्याचं टोक. बाविसाव्या घराच्या आतल्या बाजूला दडवलेलं होतं. कापलेलं नव्हतं, गाठ मारून बंदही केलेलं नव्हतं. चांगलं वीतभर लांब ठेवून आत वळवून ठेवलं होतं, पुढं विणायचं राहिलंय असं.

त्यानं ते टोक बोटांनी ओढून सरळ केलं.

मग त्यानं त्याला नवं सूत जोडलं.

चंद्राबाई पाण्याला चालली होती. घागर कमरेवर, ती थांबली. "काय इणतुयास रं हरिबा? गोफण?"

"न्हाई. पट्टा."

"बंदूक तर दिलीस म्हणं सरकारला."

"दिली."

"मग आता कशाला?"

"अजून घरं राहिल्यात."

"किती?"

"पंधरा."

चंद्राबाईनं मनात काहीतरी जुळवलं. हरिबा माधवनगरला गेला ते वर्ष, बयाबाई गेली ते वर्ष. तिच्या ओठांची हालचाल झाली आणि थांबली. तिनं घागर पायरीवर टेकवली.

"सूत जाड निगतंय तुजं," ती म्हणाली. "आण हिकडं ती चाती."

ती कातायला बसली. मान खाली घालून हरिबा विणत राहिला. बोटं आखडत होती. पहिलं घर वाकडं झालं, त्यानं उसवलं. परत घातलं. या वेळी वीण घट्ट बसली, जरा जास्तच घट्ट. काडतूस त्यात गेलं नसतं.

त्यानं करंगळी घालून पाहिली. करंगळी गेली.